तळ्याकाठचे श्रीस्थानक

ठाण्याचा इतिहास सांगावयास घेतला की बहुतेकांच्या तोंडी प्रथम एकच तारीख येते : १६ एप्रिल १८५३. बोरीबंदराहून निघालेली आगगाडी त्या दिवशी दुपारी ठाण्यास पोहोचली, चौदा डबे होते, चारशेच्या आसपास निमंत्रित होते, आणि एकवीस मैलांचे अंतर सुमारे तासाभरात कापले गेले. हा प्रसंग महत्त्वाचा आहे, यात शंका नाही. परंतु त्यावरच थांबले की एक विचित्र गोष्ट घडते. ठाणे हे दुसऱ्या एका शहराच्या गोष्टीतले शेवटचे स्थानक होऊन बसते. जे नगर मुंबई नावाचे शहर अस्तित्वात येण्याच्या कित्येक शतके आधी एका राज्याची राजधानी होते, त्याची ओळख ‘जेथे गाडी पोहोचली ते ठिकाण’ एवढीच उरते.

मराठीच्या अभ्यासकांनी तरी या ओळखीवर समाधान मानू नये, असे आम्हांला वाटते. याचे कारण स्थानिक अभिमान नव्हे. मराठी भाषेच्या लेखी इतिहासाचा आरंभ आणि त्या इतिहासाची पहिली सलग मांडणी, या दोन्ही टोकांशी या गावाचा संबंध पोहोचतो. हा संबंध पुस्तकांत सुटासुटा सापडतो. तो एकत्र करून पाहावा, आणि तो पाहताना ‘स्थानिक’ कोणाला म्हणावयाचे या प्रश्नालाही सामोरे जावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आम्ही हे वागळे इस्टेटमधून लिहीत आहोत, म्हणजे ठाण्याच्या अशा भागातून, ज्याला ‘ऐतिहासिक ठाणे’ या शब्दांत सहसा कोणी धरत नाही. त्यामुळे हा दुसरा प्रश्न आमच्यासाठी केवळ तात्त्विक नाही.

खाडीकडून दिसलेले ठाणे

ठाण्याविषयीचे जुने उल्लेख बहुतेक परक्यांचे आहेत, आणि हे परके जवळजवळ सारेच पाण्याच्या वाटेने आले. खलिफा उमर याच्या काळात, इ. स. ६३६-३७ च्या सुमारास, अरबांनी ठाण्यावर आरमारी स्वारी केल्याची नोंद बलाधुरीने केली आहे. दहाव्या शतकात अल् मसूदी या किनाऱ्यावर आला. सैमूर म्हणजे आपले चौल, सुबारा म्हणजे सोपारा, आणि ठाणे या गावांत ‘लारिया’ नावाची भाषा बोलतात, असे त्याने लिहून ठेवले. अकराव्या शतकात अल् बिरुनी ठाण्याला कोकणाची राजधानी म्हणतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याचे राज्य, तेथील कातडी, सुती कापड आणि धूप यांचे वर्णन केले. तेथल्या राजाचा चाचेगिरी करणाऱ्यांशी कसा करार होता हेही तो सांगतो : लुटीतले घोडे राजाचे, बाकीचा माल चाच्यांचा. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधूंचा ठाण्यात वध झाला. पुढे काही काळाने तेथे आलेल्या ओदोरिक या साधूने त्यांच्या अस्थी थेट चीनपर्यंत नेल्या, आणि त्याच्या प्रवासवृत्तामुळे ‘ताना’ हे नाव युरोपात माहीत झाले.

हे सारे उल्लेख एकत्र वाचताना एक उणीव लक्षात येते. यांत बंदर आहे, माल आहे, घोडे आहेत, धर्मकलह आहे. पण ज्या गोष्टीमुळे आज ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात, ते तलाव यांच्या वर्णनांत जवळजवळ नाहीत. हे स्वाभाविक आहे. खाडीकडून येणाऱ्याला धक्का दिसतो, बाजार दिसतो. तळी गावाच्या पोटात असतात.

आणि तळी तेथे का असतात, याचे उत्तर खाडीतच आहे. ठाण्याची खाडी भरती-ओहोटीची, तिचे पाणी खारट. ज्या पाण्याने गावाला व्यापार दिला ते पाणी पिता येत नव्हते. पश्चिमेला येऊरचे डोंगर, पावसाळ्यात तेथून उतरणारे पाणी, आणि पुढले आठ महिने कोरडे. अशा ठिकाणी वस्ती टिकवायची तर पावसाचे पाणी अडवून साठवणे आणि विहिरी जिवंत ठेवणे एवढाच मार्ग असतो. मासुंदा, सिद्धेश्वर, कचराळी, मखमली, हरियाली, आंबेघोसाळे, रायलादेवी ही नावे आज फेरफटक्याची किंवा बसथांब्यांची वाटतात. मुळात ती गावाच्या तहानेची नावे आहेत. एकेकाळी ठाण्यात साठाहून अधिक तळी होती असे सांगितले जाते, आज पस्तीसच्या आसपास उरली आहेत. गावाचा बाहेरच्या जगाशी व्यवहार खाडीवर चाले आणि आतला संसार तळ्यावर. प्रवाशांनी पहिला लिहिला, दुसरा लिहावयाचा राहिला. ठाणे स्थानिकासारखे पाहणे याचा आम्हांला अभिप्रेत असलेला पहिला अर्थ हा, की खाडीकडे पाठ करून तळ्याच्या बाजूने पाहावयास लागणे.

ताम्रपटातले रहिवासी

१७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात नव्या बांधकामासाठी खणताना एक ताम्रपट सापडला. शके ९३९, म्हणजे इ. स. १०१७ चा. शिलाहार राजा अरिकेसरी याचे हे दानपत्र. पुढल्याच वर्षी, १७८८ मध्ये, कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्या खंडात त्याचे भाषांतर छापून आले. भारतविद्येचा आधुनिक अभ्यास ज्या नियतकालिकाने सुरू झाला असे म्हणतात, त्याच्या पहिल्याच खंडात ठाण्याचा हा लेख आहे, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

या दानपत्रात राजा नगर श्रीस्थानक येथील रहिवाशांना उद्देशून बोलतो. मंत्री, पुरोहित, विषयपती, नगरपती, ग्रामपती अशी अधिकाऱ्यांची मालिका येते, आणि तीत ‘नियुक्त’ व ‘अनियुक्त’ असे दोन शब्दही येतात. म्हणजे राजसेवेत असलेले आणि नसलेले. ताम्रपटांच्या भाषेत हा साचा आहे, अनेक दानपत्रांत तो जसाच्या तसा सापडतो. तरीही साचा म्हणून तो सोडून देऊ नये. जाहीर करावयाची गोष्ट नोकरीवर असलेल्यांइतकीच नोकरीवर नसलेल्यांनाही कळविली पाहिजे, असे त्या काळच्या राजव्यवहाराला वाटत होते, एवढे तरी त्यातून निश्चित कळते. या दोन शब्दांकडे आपल्याला पुढे परत यावयाचे आहे.

अरिकेसरीचेच दुसरे नाव केशिदेव. मराठीचा विद्यार्थी येथे थबकतो, कारण अलिबागजवळच्या आक्षी येथील शिलालेखात कोकणचा चक्रवर्ती केशीदेवराय याचे आणि त्याचा महाप्रधान भइर्जु सेणुई याचे नाव आहे. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी या लेखाचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा वाचला. हे वाचन स्वीकारले तर आजवर ज्ञात असलेल्या मराठी शिलालेखांत तो सर्वांत जुन्यांपैकी एक ठरतो, आणि तो श्रीस्थानकाहून राज्य करणाऱ्या शिलाहारांच्या मुलखातला ठरतो. हे वाचन सर्वांना मान्य नाही. काही अभ्यासकांनी हा लेख त्याच नावाच्या नंतरच्या राजाचा, तेराव्या शतकाच्या आरंभाचा मानला आहे. वाद अभ्यासकांनी करावा. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की तारीख कोणतीही धरली तरी राजघराणे तेच राहते.

शिलाहारांच्या लेखांत मराठी कोठे येते, हेही पाहण्यासारखे आहे. राजाची बिरुदे, वंशाची स्तुती, दानाचा विधी या गोष्टी बहुधा संस्कृतात. मराठी येते ती व्यवहाराच्या जागी : देवीसाठी किती धान्य द्यावयाचे, आणि ही व्यवस्था मोडील त्याचे काय होईल. परळ येथे सापडलेल्या शके ११०८ च्या अपरादित्याच्या लेखात दानाचा भाग संस्कृतात आहे आणि शेवटची शापवाणी मराठीत, तीही इतकी उघडी की वर्गात वाचून दाखविताना शिक्षकाची पंचाईत व्हावी. अशा शिळांना आपण गधेगळ म्हणतो. स्तुती ज्याला समजावी तो वर्ग वेगळा होता आणि धमकी ज्याला समजावी तो वेगळा. भाषेच्या आरंभाचा शोध घेताना आपण ग्रंथांकडे धावतो. येथे भाषा शेताच्या बांधावर उभी असलेली सापडते.

राजदरबारात मात्र संस्कृतचा थाट होता. सोड्ढल नावाच्या कवीने ‘उदयसुंदरीकथा’ हे चंपूकाव्य अकराव्या शतकात लिहिले. १९२० साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या मालेत ते छापले गेले. या सोड्ढलाने बाणभट्टाच्या पद्धतीने आपली हकीकतही काव्यात घातली आहे. तो मूळचा लाट देशाचा, म्हणजे दक्षिण गुजरातचा, कायस्थ होता. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी या तीन शिलाहार भावांच्या आश्रयाने तो स्थानकात राहिला. अल् मसूदीने ऐकलेल्या ‘लारिया’चा संबंधही लाटाशीच जोडला जातो. बाराव्या शतकात अपरादित्य राजाच्या नावावर याज्ञवल्क्यस्मृतीची ‘अपरार्क’ ही टीका आहे, आणि त्याच्या दरबारातला तेजकंठ नावाचा दूत काश्मीरच्या पंडितसभेत गेल्याचे मंखाच्या ‘श्रीकंठचरिता’त नमूद आहे.

थोडक्यात, ज्या स्थानकाला आपण आपले मूळ समजतो तेथे राजाची भाषा एक, बाजाराची दुसरी आणि बांधावरची तिसरी होती. आणि त्या गावचा नावानिशी ज्ञात असा पहिला साहित्यिक बाहेरगावाहून पोटासाठी आलेला होता. शुद्ध स्थानिकतेच्या शोधात निघालेल्याने येथे जरा थांबून विचार करावा.

एका तळ्याचे काठ

आता मासुंद्यावर येऊ. स्टेशनपासून पायी काही मिनिटांवर असलेल्या या तळ्याला ठाणेकर तलावपाळी म्हणतात. ‘पाळी’ म्हणजे तळ्याचा बांध. नावात तळ्यापेक्षा बांधाला मान आहे, आणि ते योग्यच आहे. तळे निसर्गाचे असले तरी बांध माणसांचा असतो.

या बांधावरून फिरताना चार-पाच शतके एकमेकांना लागून उभी असलेली दिसतात. एका अंगाला कौपिनेश्वराचे देऊळ. देवस्थान शिलाहारकालीन मानले जाते, परंतु आजचे देऊळ १७६० च्या सुमाराचे, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी उभारलेले. १८७९ मध्ये लोकवर्गणीतून त्याची दुरुस्ती झाली. दुसऱ्या काठावर सेंट जॉन द बॅप्टिस्टचे चर्च, त्याची परंपरा पोर्तुगीज अमदानीतली. १५३४ च्या वसईच्या तहाने हा सारा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, आणि त्यांच्या कागदांत ठाण्याचे नाव ‘कासाबे द ताना’ असे झाले. यातला ‘कासाबे’ म्हणजे आपला कसबा. परक्या राज्यकर्त्यांनी गावाला परके नाव दिले असे वाटते तेथे जुनाच शब्द वेष पालटून बसलेला असतो. मराठीचे विद्यार्थी ‘साष्टी’ या शब्दाने असेच गोंधळतात. फादर स्टीफन्स ज्या साष्टीत राहिले ती गोव्याची. ठाण्याची साष्टी निराळी. तिच्या नावातले ‘सासष्ट’ गावांचे गणितही खाडीच्या या बाजूचे आहे.

१७३७ च्या मार्चमध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत ठाणे मराठ्यांच्या हाती आले. खाडीकाठचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधावयास घेतला होता, तो तेव्हा पुरा व्हावयाचा होता. १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी तो लढून घेतला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम राहिली. पुढे किल्ल्याचा तुरुंग झाला, आजही तेथे मध्यवर्ती कारागृह आहे. १८४८ मध्ये राघोजी भांगरे यांना आणि १९१० च्या १९ एप्रिलला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना येथेच फाशी दिले गेले.

या तुरुंगाची एक हकीकत आमच्या विषयाला विशेष जवळची आहे. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या प्रकरणात इंग्रजांनी त्रिंबकजी डेंगळे याला ठाण्यात कैदेत ठेवले होते. पहाऱ्यावर गोरे शिपाई. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री तो निसटला. किल्ल्याबाहेर घोड्याला खरारा करता करता एक मोतद्दार मराठीत गाणे म्हणत असे. घोडा कोठे उभा आहे, साथीदार कोठे आहेत, हे त्या गाण्यातून आतल्या कैद्याला कळत गेले. पहारेकऱ्यांनी गाणे ऐकले, पण त्यांना भाषा येत नव्हती. १८२५ मध्ये येथे आलेल्या बिशप हेबर याने ही गोष्ट आपल्या प्रवासवर्णनात टिपली आणि गाण्याचे इंग्रजी रूपही दिले. मूळ मराठी गाणे हाती लागत नाही. पहारेकऱ्याच्या बाजूचा मजकूर टिकला आणि मोतद्दाराचे शब्द गेले. आपल्या लोकवाङ्मयाच्या इतिहासात हे पुष्कळदा घडलेले आहे, परंतु इतक्या स्पष्टपणे क्वचित दिसते.

दुसरे एक तळे

येथे थोडे दूर जाऊन पाहिले तर आपले गाव अधिक नीट दिसेल. ग्रीसच्या वायव्येला पाम्वोतिस सरोवराच्या काठी योआनिना नावाचे शहर आहे. अथेन्सला जाणारे हजारो प्रवासी त्याकडे फिरकत नाहीत. ऑटोमन अमलात अली पाशाने १७८८ पासून १८२२ पर्यंत तेथून राज्य केले, १८०९ मध्ये बायरन त्याच्या भेटीस आला, आणि १९१३ मध्ये ते ग्रीसला जोडले गेले. आधुनिक ग्रीक विद्येच्या जडणघडणीत या शहरातील शाळांचा आणि तेथून व्हेनिसला जाऊन ग्रीक पुस्तके छापणाऱ्या व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता. म्हणजे राजधानीच्या सावलीत राहिलेले, तळ्याकाठचे, अनेक धर्मांचे आणि भाषेच्या इतिहासात हिशेबापेक्षा मोठे असे ते शहर. ठाण्याशी त्याचे साम्य उघड आहे.

योआनिनाच्या जुन्या कोटात एक सिनेगॉग आहे. तेथले ज्यू ‘रोमानियोत’ म्हणजे ग्रीक बोलणारे, शतकानुशतके त्याच गावचे. २५ मार्च १९४४ रोजी जर्मनांनी त्यांना एका दिवसात उचलून नेले. फार थोडे परतले. आज शहराला भेट देणाऱ्याला सिनेगॉग दिसते, ते भरून टाकणारी माणसे दिसत नाहीत. ठाण्यातही १८७९ मध्ये बांधलेले ‘शआर हाशामाईम’ म्हणजे ‘स्वर्गाचे द्वार’ हे सिनेगॉग आहे. ते बेने इस्रायल समाजाचे. हे लोक मराठी बोलणारे, कोकणातल्या गावांवरून आडनावे घेतलेले, बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तने रचणारे. त्यांच्यापैकी पुष्कळजण १९४८ नंतर इस्रायलला गेले, पण ते आपल्या इच्छेने गेले, आणि जे राहिले ते आजही या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला जमतात. दोन्ही गावे तळ्याकाठची आणि दोन्हींकडे सिनेगॉग. पण एका ठिकाणी सिनेगॉग हे स्मारक आहे आणि दुसऱ्या ठिकाणी वापरातली वास्तू. हा फरक नशिबाचा म्हणून सोडून देता येत नाही. ‘स्थानिक कोण’ या प्रश्नाचे उत्तर रक्तात शोधले की काय होते, याचे योआनिना हे उदाहरण आहे.

संग्रह करणारे गाव

एकोणिसाव्या शतकात ठाण्याला जिल्ह्याचे ठिकाण, रेल्वे आणि १८६३ पासून नगरपालिका मिळाली. १८६६ मध्ये ‘अरुणोदय’ हे मराठी वृत्तपत्र येथे निघाले. आणि १ जून १८९३ रोजी मराठी ग्रंथ संग्रहालयाची स्थापना झाली. त्यात पुढाकार घेणारे विनायक लक्ष्मण भावे त्या वेळी अवघे एकवीस वर्षांचे होते. घरचा व्यवसाय मिठागरांचा, म्हणजे खाडीच्या खाऱ्या पाण्याचा. त्या व्यवसायात राहूनच त्यांनी जुन्या मराठी हस्तलिखितांचा शोध घेतला, ‘महाराष्ट्र कवि’ मासिकातून जुनी कविता छापली, आणि ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा ग्रंथ सिद्ध केला. मराठी वाङ्मयाचा सलग इतिहास म्हणून ज्याच्याकडे आपण पहिल्याने वळतो तो हाच.

भाव्यांच्या मतांपैकी काही आज टिकणारी नाहीत, हे प्रत्येक अध्यापक सांगतो. पण त्यांच्या कामाची दिशा ध्यानात घेतली पाहिजे. विद्यापीठाची जागा नाही, सरकारी अनुदान नाही. आधी ग्रंथ जमवावयाचे, मग ते लोकांना वाचावयास द्यावयाचे, आणि मग त्यांचा इतिहास लिहावयाचा. या क्रमात संग्रहालय आधी येते आणि इतिहास नंतर. पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’च्या आवृत्तीला तुळपुळ्यांनी विस्तृत पुरवणी जोडली. आक्षीचा लेख वाचणारे आणि १९६३ मध्ये ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ सिद्ध करणारे ते हेच तुळपुळे. केशिदेवाच्या राजधानीत बसून लिहिलेला इतिहास आणि केशिदेवाचा शिलालेख वाचणारा पंडित हे अशा रीतीने एकाच ग्रंथाच्या पुठ्ठ्यांत आले.

ठाण्यात १९६०, १९८८ आणि २०१० या वर्षी अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने भरली, रा. श्री. जोग, वसंत कानेटकर आणि उत्तम कांबळे हे अनुक्रमे त्यांचे अध्यक्ष. १९७८ मध्ये मासुंद्याच्या काठी गडकरी रंगायतन उभे राहिले. गावाचे सांस्कृतिक मध्य पुन्हा तळ्यावरच आले.

वागळे इस्टेट : इतिहासाबाहेरचे ठाणे

येथपर्यंत सांगितलेले ठाणे हे स्टेशन, नौपाडा, जांभळी नाका, चेंदणी यांचे. मासुंद्यापासून पश्चिमेला निघालो की काही वेळाने रस्त्यांना नावे राहत नाहीत, क्रमांक येतात. रोड नंबर सोळा, रोड नंबर बावीस, रोड नंबर अठ्ठावीस. हा वागळे इस्टेट. १९६० च्या दशकाच्या आरंभी, महाराष्ट्र राज्य नवे असताना, येथे औद्योगिक वसाहत आकाराला आली. कारखान्यांना कामगार हवे होते. कोकणातून, घाटावरून, मराठवाड्यातून, पुढे उत्तरेतून आणि दक्षिणेतून माणसे आली. किसननगर, इंदिरानगर, श्रीनगर, अंबिकानगर अशा वस्त्या उभ्या राहिल्या. येथे शिलाहारांचे देऊळ नाही, पोर्तुगीजांचे चर्च नाही. त्यामुळे वारसा-फेरी या बाजूला वळत नाही.

पण तळे आहे. रायलादेवीचा तलाव वागळे इस्टेटच्या अंगाला आहे, आणि तो कारखान्यांहून जुना आहे. आज गणपतीच्या दिवसांत तेथे कृत्रिम हौदांत विसर्जन होते. एरवी सकाळी चालणारे, संध्याकाळी बसणारे, आणि मधल्या वेळी काम शोधणारे लोक त्याच्या काठावर असतात. काम शोधणारे हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरत आहोत. १९८० नंतर येथले अनेक कारखाने बंद पडत गेले. जागेला आलेला भाव, संप आणि टाळेबंदी, स्थलांतरित झालेले उत्पादन अशी त्याची कारणे होती. शेडच्या जागी काचेच्या इमारती आल्या, संगणकाची कामे आली, पासपोर्टाचे कार्यालय आले. ज्यांनी लेथ चालविला त्यांना त्या इमारतींत काम मिळाले ते बहुधा दारावरचे.

ताम्रपटातले ‘नियुक्त’ आणि ‘अनियुक्त’ हे शब्द आम्हांला येथे आठवतात. एक हजार वर्षांपूर्वीच्या दानपत्राने निदान संबोधनात तरी अनियुक्तांना वगळले नव्हते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील ठाण्याचा जो इतिहास लिहिला जातो, त्यात रंगायतन येते, संमेलने येतात, महापालिकेची १९८२ मधली स्थापना येते. कारखाना बंद झाल्याच्या दिवशी फाटकाबाहेर उभे राहिलेल्यांचे संबोधन त्यात कोठे येते? त्यांचे लेख तांब्यावर नाहीत. ते हजेरीपत्रकात, पगाराच्या चिठ्ठ्यांत, युनियनच्या पत्रकांत, भजनी मंडळाच्या वह्यांत आहेत. आणि हे सारे कागद घर बदलताना रद्दीत जातात. चाळीच्या जागी इमारत उभी राहते तेव्हा तीन पिढ्यांचे दफ्तर एका दुपारी वजनावर विकले जाते.

आमच्या वर्गात बसणाऱ्या मुलांपैकी पुष्कळजण याच घरांतली आहेत. त्यांना आम्ही आक्षीचा लेख शिकवितो, आणि तो त्यांना आपला वाटत नाही. दोष त्यांचा नाही. प्राचीन म्हणजे आपल्याशी संबंध नसलेले, असे आपणच त्यांना नकळत शिकविलेले असते. म्हणून आम्ही अलीकडे क्रम उलटा केला. प्रथम घरातला सर्वांत जुना कागद आणावयास सांगतो. त्यातली भाषा पाहतो : कोणता मजकूर इंग्रजीत आहे आणि कोणता मराठीत. कंपनीचे नाव, हुद्दा, नियम इंग्रजीत. ‘गैरहजर राहिल्यास कारवाई करण्यात येईल’ हे मराठीत. मग परळचा लेख वाचतो. स्तुती एका भाषेत आणि धमकी दुसऱ्या भाषेत, हे सूत्र त्यांना मग समजावून सांगावे लागत नाही.

स्थानिक होणे

चेंदणीचे कोळी आणि येऊरचे वारली यांच्यासमोर ‘आम्ही मूळचे ठाणेकर’ असे म्हणण्याचा अधिकार बाकीच्यांपैकी फार थोड्यांना आहे. सोड्ढल लाटाचा, भाव्यांचा जन्म पळस्प्याचा, बिवलकर पेशव्यांच्या चाकरीनिमित्त आलेले, कामगार घाटावरचे. या गावाचा इतिहास ज्यांनी घडविला त्यांतले बहुतेक कोठून तरी आलेले आहेत. म्हणून स्थानिक असणे या शब्दाऐवजी स्थानिक होणे असा शब्द वापरावा असे आम्हांला वाटते. गावाचे पाणी कोठून येते, बांध कोणी घातला, आणि आपल्या आधी तेथे कोण राहत होते, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरे जो शोधू लागतो तो स्थानिक होऊ लागतो.

तळ्यांच्या बाबतीत हे काम फार दिवस पुढे ढकलता येणार नाही. नळाचे पाणी आल्यानंतर तळ्याची गरज संपली, गरज संपली की ते जागेच्या भावाने मोजले जाते, आणि बुजलेल्या तळ्याचे नाव एखाद्या गल्लीला तेवढे उरते. कागदांचेही तसेच होते. भाव्यांनी जुन्या पोथ्या जमविल्या तेव्हा त्या कोणाच्या तरी माळ्यावर धूळ खात पडलेल्या होत्या. त्यांना साहित्य हे नाव नंतर मिळाले. आज वागळे इस्टेटच्या माळ्यांवर जे पडले आहे त्याला कोणते नाव मिळेल, हे आत्ता ठरविण्याचे कारण नाही. ते आधी जमवावे लागेल.

विद्यार्थ्यांना आणि सहकारी अध्यापकांना आमची एवढीच विनंती, की येत्या सुटीत मासुंद्याची फेरी झाल्यावर तेथेच थांबू नये. क्रमांकांच्या रस्त्यांनी रायलादेवीपर्यंत यावे, आणि येताना वही घेऊन यावे. काठावर बसलेल्या वृद्ध माणसांपैकी कोणाला तरी, ते कोणत्या कारखान्यात होते आणि त्याच्या जागी आता काय आहे, हे विचारावे. बहुतेक वेळा उत्तर तपशिलासह मिळते : खात्याचे नाव, पाळीची वेळ, फाटकावरच्या भोंग्याचा आवाज आणि शेवटच्या पगाराची तारीख.